भरतीरेषेखालचा पंचनामा

मौजे खाजणवाडी, तालुका देवगड.
सकाळी सव्वासात, ओहोटी पुरी लागलेली.
मी, गावचा पोलीस पाटील, समक्ष हजर राहून लिहितो की
दोन इसम,
तस्नीम मुकादम आणि रुक्मांगद जुवाटकर,
समुद्र मोजताना आढळले.

मोजताना म्हणजे खरंच मोजताना.
रापणीचा जुना दोर, हातहातावर लाल चिंधी,
एक टोक तिच्या कमरेला, दुसरं त्याच्या.
ती पाण्यात शिरून ओरडायची, "लाट, सव्वीस हात!"
तो पुळणीत बसून वहीत टिपायचा
आणि विचारायचा, थेट तलाठ्याच्या आवाजात,
"कब्जेदार कोण?"
"बांगडा."
"वहिवाट कधीपासून?"
ती थांबायची. एक लाट येऊन जायची.
"लिही, चालू."

गेल्या साली म्हणे रत्नागिरीत
यांनीच कचेरीसमोर बर्फाची खुर्ची मांडली होती,
आणि ती वितळेपर्यंत
लोकांचे जुने अर्ज मोठ्यानं वाचले होते.

आमच्याकडे बंदराची मोजणी झाली ती मागच्या महिन्यात.
झेंडीवाले आले, सड्यावर दगड पुरून गेले.
मी सोबत होतो. चहा माझ्याच घरचा.
नकाशात किनाऱ्याच्या पुढे नुसतं पांढरं होतं.
विचारलं, साहेब, हे काय?
म्हणाले, तिथं काही नाही.

तर आधी पोरं हसली, मग रापणीवरची माणसं.
रुक्मांगदला पोहता येत नाही, हे सगळ्यांना कळत होतं,
लाट मोठी आली की त्याचा हात
वही सोडून दोरावर जायचा.
मध्येच दोघं भांडली. पंचवीस की सव्वीस, यावरून.
चांगली कडाकडा भांडली.
ते कार्यक्रमातलं होतं की आपसातलं
मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात आवडू कुबल पुढे झाली,
कालवं फोडायची कोयती हातात.
"तुमी सगळा मोजतास, मगे माझी बसाची जागा?"
तिची जागा म्हणजे खडपातला खळगा,
भरतीला बुडणारा.
चाळीस वर्षं ती तिथं बसते,
दगड तिच्या मापाचा झालाय.
तस्नीमनं गुडघे टेकून मोजला. दीड हात, रुंदी एक.
रुक्मांगदनं नाव लिहिलं, दोराला गाठ मारली.

मग रांगच लागली.
होडी ओढताना बाप टेकायचा तो दगड.
हुसेनमियांना ईदचा चंद्र जिथून दिसतो ती हातभर वाळू.
एक पोरगी म्हणाली, इथं मी शिट्टी शिकले.
दोघांनी पुरावा मागितला नाही,
हसलीही नाहीत.
पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं,
आणि बघतो तर दोर त्या दोघांच्या कमरेला नव्हताच,
गावानं धरला होता.

दहाला जीप आली.

फौजदार म्हणाले, हे आंदोलन का?
ती म्हणाली, मांडणी.
कल्पना कुणाची?
ती म्हणाली, त्याची. तो म्हणाला, हिची.
आरोपी क्रमांक एकला फॉर्मात एकच ओळ असते.
त्या ओळीत दोघांनी आपली नावं अशी बसवली
की तिचं कुठं संपतं, त्याचं कुठं सुरू होतं
ते फौजदारांना शेवटपर्यंत लागेना.

जप्त मुद्देमाल:
दोर नग एक, ओला.
वही नग एक, शाई फुटलेली, पण वाचता येते.
रात्री दोन्ही माझ्या पडवीत.
उद्या तालुक्याला मोजून द्यायचे,
म्हणून मोजले.

वहीत नावं त्रेसष्ट.
दोराला गाठी चौसष्ट.

चौसष्टाव्या गाठीत वाळू नाही.

पंचनाम्यात मी त्रेसष्ट लिहिलंय.
वाचून पाहिलं, बरोबर आहे.